कशासारखा हिरवा

आमच्या सरांचा लेबलावर विश्वास नव्हता. बाटलीवर ठळक अक्षरांत 'सोडियम क्लोराइड' लिहिलेलं असलं तरी ते म्हणायचे, "हे लिहिणाऱ्याचं म्हणणं झालं. बाटलीचं म्हणणं काय हाय ते तिलेच विचारू." मग चिमूटभर पावडर परीक्षानळीत घ्यायचे, पाणी घालायचे, नळी दिव्यावर धरायचे आणि बाटलीचं म्हणणं ऐकून घ्यायचे. नागपूरहून नवीन मालाचं खोकं आलं की पोच मिळायला पार्सलवाल्याला दुसऱ्या दिवशी परत यावं लागे. तो वैतागायचा. सर त्याला चहा पाजायचे आणि सांगायचे, "तुमच्यावर शंका नाही, भाऊ. कोणावरच नाही. म्हणून तर सगळ्यांचं तपासतो."

सर पांढरकवड्याच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत. मी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळा परिचर म्हणून लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. माझे वडील याच कॉलेजात लिपिक होते. ते अचानक गेले आणि अनुकंपा तत्त्वावर मला ही जागा मिळाली. घरी आई होती, धाकटा भाऊ अकरावीला होता आणि पगार एकच, माझा. नोकरी दोन वर्षं परिविक्षेवर होती. दोन वर्षांनी चांगला शेरा मिळाला तर कायम, नाहीतर घरी. नेमणुकीच्या पत्रातली ही ओळ मला तोंडपाठ होती, कारण आई ती मला दर रविवारी वाचायला लावायची.

सरांची पहिली ओळख झाली ती पेढ्याच्या निमित्ताने. मी रुजू झाले त्याच आठवड्यात एका शिक्षकांना मुलगा झाला. त्यांनी स्टाफरूममध्ये पेढ्याचा डबा फिरवला. सरांनी एक पेढा उचलला, खिशातून लहानशी ड्रॉपरची बाटली काढली आणि पेढ्यावर आयोडीनचा एक थेंब टाकला. थेंब काळानिळा झाला. सर म्हणाले, "खव्यात पीठ हाय. बाळाचं अभिनंदन." आणि पेढा खाऊन टाकला. शिक्षकांचा चेहरा उतरला. सरांना वाटलं, पेढा आवडला नाही असा त्यांचा समज झाला असेल, म्हणून त्यांनी आणखी एक घेतला. त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर आयोडीनचा डाग कायम असायचा. शर्ट पांढराच असायचा, पँट करड्या रंगाची. मी त्यांना दुसऱ्या रंगात कधी पाहिलं नाही. त्या वेळी ते मला साधेपण वाटलं होतं.

अकरावीच्या पहिल्या तासाला ते दोन बशा घेऊन जात. एकीत खडीसाखर, दुसरीत तुरटीचे खडे, दोन्ही एकाच मापाचे फोडलेले. "सांगा, कोणतं काय. चाखायचं नाही." मुलं सूचना करत. कोणी म्हणे घासून पाहू, कोणी म्हणे पाण्यात विरघळवू. मग कोणीतरी म्हणे, तापवू. तापवल्यावर साखर काळी पडायची आणि वास सुटायचा, तुरटी फसफसून फुगायची. दरवर्षी एखादं खेड्यातलं पोरगं मागून हळूच म्हणायचं, "सर, खिडकीत ठेवून देऊ ना. मुंग्या सांगतील." सर त्या पोराला पुढच्या बाकावर आणून बसवत. "मुंगी ही सगळ्यात जुनी प्रयोगशाळा सहायक हाय," असं म्हणत. "तिची नेमणूक मात्र झाली नाही अजून."

चाखायचं का नाही, हेही ते त्याच तासाला सांगत. "जीभ ही परीक्षा चांगली हाय. फक्त काही पदार्थांच्या बाबतीत ती एकदाच घेता येते."

उत्तर देण्याची त्यांची पद्धत वेगळी होती. 'हे मीठ आहे' असं ते म्हणत नसत. 'हा कार्बोनेट नाही, सल्फेट नाही, नायट्रेट नाही' असं करत करत ते एका ठिकाणी येऊन थांबत आणि आपण समजून घ्यायचं. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतली, तांड्यांवरची माणसं खताची मूठ फडक्यात बांधून त्यांच्याकडे आणत. गोणीवर लिहिलंय तेच खत आत आहे का, एवढंच त्यांना हवं असायचं. सर म्हणायचे, "चुना काढा." तंबाखूचा चुना तर सगळ्यांच्याच खिशात. सर दोन-चार दाणे तळहातावर घेऊन चुन्याबरोबर तंबाखूसारखे मळत आणि हात त्या माणसाच्या नाकाशी नेत. नाकात झणका गेला, डोळ्यात पाणी आलं, की म्हणत, "हे डीएपी नाही असं नाही."

"म्हणजे हाय का नाही, गुरुजी?"

"दाणे मळले. वास आला. याच्यापुढचं गोणीच्या बुडाले काय हाय ते मले काय माहीत? बुडातला दाणा आणा, तोही मळून देतो."

एक म्हातारे नायक होते, एका तांड्याचे प्रमुख. ते खरंच घरी जाऊन बुडातले दाणे घेऊन आले, आणि येताना चुन्याची नवी डबीही.

पण सरांची सगळ्यांत प्रसिद्ध खोड रंगाची होती. प्रयोग करताना मुलगा म्हणाला, "सर, हिरवा रंग आला," की सर विचारत, "कशासारखा हिरवा?" मुलगा म्हणे, "सफरचंदासारखा." कारण बेरियमच्या ज्योतीला पुस्तकात तसंच म्हटलेलं असतं. सर विचारत, "तू हिरवं सफरचंद पाह्यलं कधी?" आमच्या बाजारात सफरचंद लालच यायची. "पुस्तकवाल्यानं पाह्यलं असेल. तू काय पाह्यलं ते सांग." मग मुलगा क्षार लावलेली तार पुन्हा ज्योतीत धरून बघायचा, डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, "हरभऱ्याच्या ओल्या घाट्यासारखा." सर लगेच म्हणत, "बरोबर. लिही." त्यांचं म्हणणं, 'हिरवा' हा शब्द पोरगं पाठ करून येतं, घाटा कोणी पाठ करून येत नाही. ज्याने घाटा म्हटलं त्याने ज्योत पाहिली. नक्कल करणारी मुलं या एका प्रश्नात सापडत, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्यामुळे या खोडीमागे आणखी काही असेल असं माझ्या मनात आलं नाही.

आता माझ्या चुकीबद्दल.

मला याद्या करायची सवय आहे. घरात किराण्याची, दवाखान्याची, पाहुण्यांना परत द्यायच्या भांड्यांची. प्रयोगशाळेत मी सगळ्याच कपाटांच्या याद्या केल्या होत्या. फक्त एक फळी माझ्या डोळ्यांत खुपायची. त्या फळीवर क्षारांच्या बेचाळीस बाटल्या होत्या. लेबलं डिंकाने चिकटवलेली, पिवळी पडलेली, कसरीने खाल्लेली. 'मॅग्नेशियम'चा 'मॅ' उरला होता आणि 'मॅंगनीज'चाही 'मॅ' उरला होता. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला आठ दिवस होते. बाहेरून परीक्षक येणार होते. मी ठरवलं की सगळी लेबलं काढायची आणि नवी, सुवाच्य अक्षरातली लावायची.

काम मी पद्धतशीर केलं. एकपासून बेचाळीसपर्यंत, डावीकडून उजवीकडे, फळीच्या क्रमाने यादी लिहिली. जे वाचता येत नव्हतं ते जुन्या नोंदवहीवरून ताडून घेतलं. मग बुचं घट्ट करून बाटल्या टबात भिजवल्या, लेबलं खरवडली, आणि बाटल्या व्हरांड्यात उन्हाला ओळीने ठेवल्या, त्याच क्रमाने. यादी वहीत होती, ओळ व्हरांड्यात होती. मी नवी लेबलं कापायला आत गेले.

आमच्याकडे एक शिपाई काका होते, सरांच्या बरोबरीचे, तीस वर्षं कॉलेजात. त्यांना पसारा सहन व्हायचा नाही. अर्ध्या तासाने मी बाहेर आले तर बाटल्या वाळून आत फळीवर गेल्या होत्या. मोठ्या मागे, लहान पुढे, दोन्ही टोकांना सारख्या उंचीच्या.

"काका, हे काय केलं?"

"लावल्या ना, ताई. कशा शाळेतल्या पोरांसारख्या उभ्या हायेत पाहा. आधी कशाही होत्या."

"त्या क्रमाने होत्या, काका."

"कोणत्या क्रमानं? लहान-मोठं तर काहीच नव्हतं."

त्यांची काही चूक नव्हती. मी त्यांना सांगितलंच नव्हतं. माझ्या हातात बेचाळीस नावांची यादी होती, एकही खाडाखोड नसलेली, आणि फळीवर बेचाळीस बाटल्या होत्या. दोघींचा एकमेकींशी काही संबंध उरला नव्हता. सहा-सात सोडल्या तर बाकी सगळ्यांत पांढरी पावडर. त्यात मीठही होतं आणि बेरियम क्लोराइडही, जे मिठासारखंच दिसतं आणि पोटात गेलं तर माणूस वाचणं कठीण. मार्चअखेर माझी दोन वर्षं संपत होती.

मी सरांना शोधायला गेले नाही, बाकावर बसून राहिले. सर आले. मी उभी राहून सगळं सांगितलं, काही न लपवता. लपवण्यासारखं काही राहिलंही नव्हतं. सरांनी फळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "यादी दाखव."

यादी त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली. "अक्षर चांगलं हाय," ते म्हणाले. खुर्ची ओढली, बाह्या सारल्या. "चला. आता एकेकीले विचारत बसू. लेबलं गेली ते एका परीनं बरंच झालं. ती होती तोवर मले कोणी विचारू देत नव्हतं."

"सर, परीक्षा आठ दिवसांवर आहे."

"मंग बसून काहून राह्यली?"

मी प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने आकडा बांधला, एक ते बेचाळीस. सरांनी एकच नियम घातला. प्रत्येक बाटलीला दोन वेगळ्या परीक्षा. "एका साक्षीवर कोणाले फाशी देऊ नाही."

रंगीत बाटल्या त्यांनी माझ्यावरच सोपवल्या. "मोरचूद, हिराकस, निकेल, कोबाल्ट, तू लाव. मी तोवर चहा सांगून येतो." मला वाटलं, एवढी घोडचूक करूनही हे माझ्यावर विश्वास टाकतात. मी त्या तासाभरात लावल्या.

पुढचे अडीच दिवस आम्ही पांढऱ्या पावडरींशी बोलत होतो. त्यांतून मी जे रसायनशास्त्र शिकले ते आधीच्या दोन वर्षांत शिकले नव्हते. धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा दिसायला सारखे, आम्ल टाकलं तर दोन्ही फसफसतात. सर म्हणाले, "दोन जावा हायेत. एका प्रश्नाले सारखंच उत्तर देणार. प्रश्न बदल." मॅग्नेशियम सल्फेटचं पाणी टाकल्यावर धुण्याच्या सोड्यात लगेच पांढरा साका आला, खायच्या सोड्यात काही नाही, तापवल्यावर आला. जस्त आणि ॲल्युमिनियम तर जुळे भाऊ. दोघांनाही कॉस्टिक सोडा घातला तर आधी साका येतो, जास्त घातला तर विरघळतो. पण अमोनिया घालत गेलं की जस्त विरघळतं आणि ॲल्युमिनियम तसंच बसून राहतं. "हा बसलेला पाहा. कसा रुसला," सर म्हणायचे. अमोनियम क्लोराइडला चुन्याबरोबर गरम केलं आणि वासाने आम्ही दोघंही खोकत बाहेर आलो. सर आनंदात होते. मी प्रत्येक निकाल लिहीत होते. निकालही त्यांच्याच भाषेत: 'क्र. १९: कार्बोनेट नाही, अमोनियम नाही, शिसे नाही', आणि शेवटी जे उरेल ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्राचार्य प्रयोगशाळेच्या दारात आले. बारावीचे तास का बुडाले, एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्यांना आकडे बांधलेल्या बाटल्या दिसल्या.

"हे काय आहे?"

"चौकशी चालू हाय," सर म्हणाले.

"लेबलं कुठे गेली?"

"मी काढली, सर," मी म्हटलं.

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सरांना म्हणाले, "परवा मला लेखी अहवाल पाहिजे. जबाबदार कोण ते स्पष्ट लिहा. मार्चमध्ये माझ्यासमोर यांची फाइल येणार आहे." आणि गेले. दारातून बाहेर पडताना त्यांनी माझ्या वडिलांचं नाव घेतलं नाही, पण मला ते ऐकू आलं.

त्या संध्याकाळी मी घरी काही सांगितलं नाही. आईने विचारलं, हाताला कसला वास येतो. मी म्हटलं, अमोनियाचा.

तिसऱ्या दिवशी चारला तीन बाटल्या उरल्या. सतरा, तेवीस आणि एकतीस. बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम. कोणती कोणती ते माहीत नाही. एकतीसमध्ये क्रोमेट टाकल्यावर पिवळा साका आला, म्हणजे ती बेरियमकडे झुकत होती. एक साक्ष झाली. सतरा आणि तेवीसमध्ये अमोनियम सल्फेट टाकलं तर दोन्हींत थोडं थोडं पांढरं साचलं. पातळ करून पाहिलं तर तेवीसमध्ये जरा जास्त टिकलं. साक्ष झाली, पण कच्ची. आता ज्योत उरली. तार आम्लात बुडवायची, क्षाराला लावायची, बर्नरच्या ज्योतीत धरायची. कॅल्शियम विटेसारखं लाल, स्ट्रॉन्शियम गडद लाल, बेरियम हिरवं.

सर दाराकडे बघत होते. "काका कुठी हाय?"

"घाटंजीला गेले. मेव्हण्याकडे बारसं आहे. परवा येतील."

सरांनी तार घेतली, तापवली, बुडवली, ज्योतीत धरली. सतरा. "सांग."

"लाल, सर."

"कशासारखा?"

"लालच."

त्यांनी तार साफ केली. तेवीस. "हा?"

"हाही लालच, सर."

"दोन लाल सारखे नसतात. नीट पाह्य."

मला रडू येत होतं. डोळ्यांत पाणी आलं की सगळेच रंग सारखे दिसतात. मी म्हटलं, "सर, मला नाही कळत. तुम्हीच बघून सांगा ना. तुम्ही तर हजारदा पाहिलंय."

सरांनी बर्नर बारीक केला.

"मले दिसत नाही," ते म्हणाले.

मला वाटलं चष्म्याचं म्हणतात.

"चष्म्याचं नाही. मले लाल आन हिरवा एकच दिसते. राखेसारखा, थोडा पिवळट. लहानपणापासून. एकतीस नंबर लाव पाह्य, तो हिरवा हाय म्हणतात. मले तिन्ही एकच हायेत."

मला त्यांचे पांढरे शर्ट आठवले. रंगीत बाटल्या माझ्यावर सोडून ते चहा सांगायला गेले होते तेही आठवलं. 'कशासारखा हिरवा' हेही.

"मग इतकी वर्षं, सर?"

"काका सांगते. पोरं सांगते. मी विचारतो. विचारणारा मास्तर हुशार वाटते लोकांले." ते थोडं हसले. "आता तू सांग. तोंड धुऊन ये आधी."

मी नळावर तोंड धुतलं, पदराने पुसलं, परत येऊन उभी राहिले. सरांनी पुन्हा सतरा लावली. मी या वेळी 'लाल' हा शब्द डोक्यातून काढून टाकला आणि नुसतं पाहिलं.

"भट्टीतून काढलेली कच्ची वीट असते, सर. बाहेरून भाजलेली, आतून नाही. तसा."

"तेवीस."

तेवीसची ज्योत उसळली. "अंबाडीच्या बोंडासारखा. शरबताला उकळतात तेव्हा पाण्याला येतो तसा."

"एकतीस."

"घाटा, सर. ओला."

सरांनी तार खाली ठेवली. "सतरा हे स्ट्रॉन्शियम नाही. तेवीस हे कॅल्शियम नाही. लिही." मी लिहिलं. त्यांनी पुन्हा तिन्ही लावून दाखवल्या, क्रम बदलून, आकडा माझ्यापासून लपवून. मी पुन्हा तीच उत्तरं दिली. मगच त्यांनी बर्नर बंद केला.

अहवाल त्यांनी तिथेच लिहिला, पूर्ण पान, प्रयोगवहीत लिहितात तसा. डावीकडे निरीक्षण, उजवीकडे अनुमान. सकाळी आम्ही दोघं प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी तो माझ्यासमोरच वाचला, आणि नंतर तो माझ्या फाइलला लागला म्हणून मला शब्दशः माहीत आहे.

'निरीक्षण. एक: बेचाळीस बाटल्यांवर लेबल नव्हते. दोन: लेबले परिचराने नवी लावण्यासाठी काढली. हे तिने विचारण्याआधी सांगितले. तीन: बाटल्यांचा क्रम बदलला गेला. क्रम राखायचा आहे हे शिपायाला कोणी सांगितले नव्हते. तिने नाही, मीही नाही. चार: बेचाळीसही बाटल्या प्रत्येकी दोन परीक्षांनी ओळखल्या. तपशील सोबत. पाच: क्रमांक सतरा, तेवीस व एकतीस यांच्या ज्योतींचे रंग परिचराने पाहिले. मला लाल व हिरवा यांतला फरक दिसत नाही.'

प्राचार्य पाचव्या ओळीवर थांबले. चष्मा काढून त्यांनी सरांकडे पाहिलं.

"सर, हे कायले लिहिलं? हे वाक्य काढा."

"काढता येणार नाही."

"तुम्ही बोर्डाचे परीक्षक म्हणून बाहेर जाता. उद्या ही फाइल कोणी उघडली तर? एवढ्यासाठी कोणी स्वतःचं असं लिहून देते का? रंग तिने पाहिला का तुम्ही पाहिला, फरक काय पडते?"

"तोच फरक पडते," सर म्हणाले. "मी पाह्यला असं वाचणाऱ्याले वाटलं, तर तो पुरावा खोटा हाय. तो पुरावा गेला तर तीन बाटल्या गेल्या. आन ही पोरगी इथं कशाले पाहिजे, तेही गेलं."

प्राचार्यांनी उजव्या बाजूचं अनुमान वाचलं. ते एकाच ओळीचं होतं: 'या प्रयोगशाळेला ही पाहिजे आहे. कायम करावे.' 'नाही' असं त्यात एकदाही नव्हतं. सरांच्या हातचं तसं वाक्य मी आधी वाचलेलं नव्हतं.

प्राचार्यांनी पेन उघडलं. "तुमच्या जबाबदारीवर," ते म्हणाले आणि सही केली.

काका घाटंजीहून आले तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला माहीत होतं का. "कोणाले, मले?" काका म्हणाले. "पंधरा वर्षं झाली ताई, मीच सांगून राह्यलो सरले. पयल्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं, सर, हा सिग्नलचा हिरवा. तर म्हणे, सिग्नल नको सांगू, तोही मले दिसत नाही." मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही काय सांगितलं? घाटा? बरोबर सांगितलं." एक कामगिरी कमी झाली म्हणून त्यांना थोडं वाईट वाटलं असावं.

मार्चमध्ये मी कायम झाले. आईने नेमणुकीचं पत्र घडी करून डब्यात ठेवलं आणि पुन्हा वाचायला लावलं नाही. पुढच्या वर्षी बोर्डाकडे परीक्षकांची नावं गेली तेव्हा त्यांत सरांचं नाव नव्हतं. त्यानंतरही कधी गेलं नाही. त्याआधी दर फेब्रुवारीला ते परीक्षक म्हणून वणीला, उमरखेडला, ढाणकीला जायचे. नवी प्रयोगशाळा पाहायला त्यांना आवडायचं. मी एकदा तो विषय काढला. ते म्हणाले, "तिथं चहा चांगला भेटे. बस." आणि पुढची बाटली मागितली.

तेव्हापासून आमच्या नोंदवहीत एक रकाना वाढला: 'पाहणारा'. प्रत्येक रंगासमोर तो कोणी पाहिला त्याचं नाव लिहायचं. तपासणीला येणारे अधिकारी त्याबद्दल विचारतात. मी त्यांना सांगते, रंग कोणीतरी पाहिलेला असतो, तो कोण ते कळलं पाहिजे. आज त्या प्रयोगशाळेची जबाबदारी माझ्यावर आहे, आणि नव्या मुलांच्या वह्यांतही मी तो रकाना आखून घेते.

सर आता घाटंजीला मुलीजवळ राहतात. परीक्षा संपली की त्यांचा फोन येतो: यंदा पोरांनी काय काय सांगितलं. मी वाचून दाखवते. गेल्या वर्षी एका मुलीने स्ट्रॉन्शियमला तिच्या मोबाइलच्या कव्हराची उपमा दिली होती. सर म्हणाले, "मले कव्हर पाठव. इथं पोरीले विचारून पाहतो."

त्यांच्या निवृत्तीचा कार्यक्रम मोठ्या हॉलमध्ये झाला. प्राचार्य बदललेले होते. नव्या प्राचार्यांनी भाषण केलं, नारळ दिला आणि सरांच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या वाजत होत्या. सरांनी शालीचं टोक हातात धरून ते पालथं करून पाहिलं, मग मी स्टेजच्या पायरीजवळ उभी होते तिथे वाकून विचारलं, "कशासारखी हाय?"

"अंबाडीचं बोंड," मी म्हटलं.

"म्हणजे कॅल्शियम नाही."

"नाही, सर."

त्यांनी शाल नीट अंगावर ओढून घेतली आणि समोर बघून बसले. त्या संध्याकाळी मी प्रयोगशाळा बंद करण्यापूर्वी नोंदवहीत शेवटची ओळ लिहिली. शाल, एक. रंग: अंबाडीच्या बोंडासारखा. पाहणारा, या रकान्यात माझं नाव.